३० वर्षं जुन्या फ्लॅटचं किचन पूर्ण नव्याने करायचंय, सुरुवात कुठून करू?

डोंबिवलीची_सून
नमस्कार मंडळी. डोंबिवली पूर्वेला आमचा फ्लॅट आहे, बिल्डिंग १९९४ ची. किचन ८ बाय १० फूट, एका भिंतीला काळ्या कडप्प्याचा ओटा, टोकाला खिडकीखाली सिंक, खाली उघडे कप्पे ज्यांना सासूबाईंनी पडदे लावलेत आणि वर लोफ्ट. सिंकमागची भिंत दोन पावसाळे झाले ओल धरतेय, आता खालच्या काकूंच्या छताला पण पिवळा डाग आलाय, म्हणून एकदाच काय ते करून घेऊ असं ठरवलंय.

एक मॉड्यूलरवाले येऊन गेले, ते म्हणतात ओटा तोडून टाकू, एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डच्या) ट्रॉल्या आणि ॲक्रिलिकचे चकचकीत शटर्स लावू, पाइपांना हात लावायची गरज नाही, २० दिवसांत गणपतीच्या आधी हातात. दुसरे आमच्या ओळखीचे सुतारकाका, ते प्लायच म्हणतात. बजेट साडेतीन लाख, त्याच्यावर नाही जाता येणार.

सासूबाई ७४ च्या, उंची ४ फूट १०, गुडघे दुखतात पण सकाळच्या पोळ्या आणि भाजी त्यांचीच असते, ते त्यांना सोडायचं नाहीये आणि मलाही ते काढून घ्यायचं नाहीये. मी ५ फूट ५, संध्याकाळचा स्वयंपाक माझा. मग ओट्याची उंची कोणाच्या मापाने घ्यायची? आणि हॉलमधली भिंत काढून ओपन किचन करावं का, नवऱ्याला फार आवडलंय ते.

साइटवरचा_माणूस
ताई, रंग, शटर सगळं बाजूला ठेवा, आधी ओल. मी २२ वर्षं सिव्हिलच्या कामात आहे. १९९४ च्या बिल्डिंगमध्ये भिंतीत जीआयचेच (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप असणार, ते आतून गंजत जातात, वरून काही कळत नाही. पाइपांना हात न लावता नवीन टाइल्स आणि ट्रॉल्या बसवल्या तर वर्ष-दोन वर्षांत तीच भिंत परत फोडावी लागेल आणि तेव्हा नवीन किचनसकट.

एक साधी तपासणी करा. दोन दिवस सिंक अजिबात वापरू नका पण पाण्याचा व्हॉल्व्ह चालू ठेवा. ओल तशीच राहिली तर बहुतेक येणारी लाइन गळतेय, सुकायला लागली तर ड्रेनेजचा जॉइंट बघा. खालच्या काकूंकडचा डाग पण पेन्सिलने कडेकडेने आखून ठेवा म्हणजे वाढतोय का ते दिसेल.

नवीन लाइन सीपीव्हीसीची (न गंजणाऱ्या प्लास्टिक पाइपची) घ्या, किचनला स्वतंत्र व्हॉल्व्ह हाताला येईल असा ठेवायला सांगा, आणि प्लास्टर करायच्या आधी लाइनमध्ये प्रेशर भरून काही तास तसंच ठेवायला लावा, प्लंबर टाळाटाळ करेल पण तुम्ही ऐकू नका. भिंत उघडी असताना मेजरिंग टेप धरून फोटो काढून ठेवा. पुढे चिमणीसाठी ड्रिल मारताना नेमका पाइपच फुटतो, हे मी कितीतरी घरांत बघितलंय.

वायरिंगचं पण तेच. मायक्रोवेव्ह, इंडक्शन आणि पुढे कधी डिशवॉशर घ्यायचा असेल तर त्याला १६ अँपिअरचे पॉइंट, ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, प्रत्येकाचा वेगळा एमसीबी (जास्त लोड आला की आपोआप पडणारा स्विच). शिवाय ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) हवाच, ओल्या हातांची जागा आहे ती. मिक्सरचे दोन पॉइंट सिंकपासून लांब घ्या.

भिंतीचं म्हणाल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय आणि सोसायटीची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय एक वीट काढू नका. कॉलम-बीमला तर हातच नाही. माझं मत विचाराल तर राहू द्या ती भिंत, बांगडा तळला की सोफ्यापर्यंत वास जातो आणि साडेतीन लाखांत ते बसणारही नाही.

पोळपाट_लाटणं
उंचीबद्दल मी कळकळीने लिहितेय कारण आमच्याकडे हीच चूक झाली. सुतार म्हणाला स्टँडर्ड ३४ इंच, आम्ही हो म्हटलं, आणि माझ्या आईला (ती पण अशीच बुटकी) पोळ्या लाटताना खांदे वर उचलून लाटावं लागायचं, सहा महिन्यांत खांदा धरला तिचा. पोळी लाटायला वरून जोर द्यावा लागतो ना, त्यामुळे लाटायची जागा चिरायच्या जागेपेक्षा खाली हवी. परत ओट्यावर शेगडी ठेवली की ती आणखी चार-पाच इंच वर जाते, त्यावर कुकर, मग डाळ ढवळताना हात कानापर्यंत.

ढोबळ हिशेब असा की कोपर वाकवून उभं राहायचं आणि कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओटा. सासूबाईंना ते ३१ च्या आसपास येईल, तुम्हाला ३५. पण आकड्यांवर जाऊ नका, घरात करून बघा. टेबलावर जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे रचा, वर पोळपाट ठेवा आणि सासूबाईंना खरोखर दहा पोळ्या लाटू दे, नुसतं उभं करून नाही. मग एक-एक गठ्ठा काढत जा. कुठे त्या "आता बरं वाटतंय" म्हणतात तिथे माप घ्या.

आम्ही नंतर दुरुस्ती म्हणून ओट्याच्या शेवटी २८ इंचांवर बाहेर ओढायची फळी करून घेतली, खाली स्टूल, आई बसून लाटते. तुम्ही आधीपासूनच करा, गुडघे दुखतात म्हणताय तर फारच उपयोग होईल. ओटा मग ३३ ठेवलात तर तुम्हालाही जमेल. आणि त्यांची रोजची भांडी, पीठ, तेल हे सगळं मांडी ते खांदा एवढ्या पट्ट्यात ठेवा, लोफ्टवर फक्त दिवाळीचे डबे.

रत्नागिरीहून
एमडीएफ सिंकजवळ नको म्हणजे नकोच. पाणी लागलं की फुगतं आणि फुगलेलं परत बसत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात मीठ वाटीत पाणी होतं तिथे कसं टिकणार, आणि डोंबिवलीची हवा काही वेगळी नाही. प्लाय घ्यायचा तर आयएस ७१० या भारतीय मानकाचा बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा, शिक्का प्रत्येक शीटवर बघून घ्या आणि कापलेल्या कडा सगळ्या बाजूंनी सील करून घ्या, मागची बाजू सुद्धा.

पण मी तुमच्या जागी असते तर ओट्याखाली प्लाय घातलाच नसता. तुमचे कडप्प्याचे कप्पे आहेत ना, ते तोडायचे कशाला? पाइपांसाठी सिंकची बाजू उघडावी लागेल तेवढी उघडा, बाकीचे कप्पे ठेवा, वर ग्रॅनाइट टाका, पुढून ॲल्युमिनियमच्या फ्रेमची शटर्स आणि आत स्टीलच्या ट्रॉल्या. कडप्पा ना फुगत ना वाळवी लागत. आमचे २००३ चे कप्पे आहेत, धुवून घेतले की झालं. यात पैसे पण बरेच वाचतील, ते पाइपांना लावा.

स्टील ३०४ ग्रेडचं मागा आणि बिलावर तसं लिहून घ्या. दुकानदार चुंबक लावून दाखवतो, त्यावर जाऊ नका, २०२ ला पण चुंबक चिकटत नाही आणि ते गंजतं लवकर. तपासायचं लिक्विड मिळतं, थेंब टाकला की २०२ वर लालसर रंग येतो.

साइटवरचा_माणूस
कडप्पा ठेवायला माझी पण हरकत नाही, कल्पना चांगली आहे. फक्त ग्रॅनाइट टाकल्यावर उंची वाढेल ती आधी धरा.

डोंबिवलीची_सून
सगळ्यांचे मनापासून आभार, काल रविवारी सगळं करून बघितलं. सासूबाईंनी गठ्ठ्यांवर बारा पोळ्या लाटल्या, त्यांना साडेतीस इंच बरं वाटलं, आणि आत्ताचा ओटा मोजला तर साडेबत्तीस भरला! म्हणजे ३० वर्षं त्या खांदे उचलूनच लाटत होत्या आणि कोणी विचारलं नाही. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "ओटा असाच असतो असं वाटायचं." मला खूप वाईट वाटलं.

सिंक दोन दिवस बंद ठेवलं, ओल हटली नाही, म्हणजे येणारी लाइनच. कडप्पा ठेवायचं ठरलंय, २८ ची फळी पण नक्की, भिंतीचा विषय नवऱ्याने स्वतःच सोडला. एक राहिलं, सिलिंडर ओट्याखाली शटरच्या आत ठेवला तर चालतो का? पाइपगॅस नाहीये अजून आमच्याकडे.

साइटवरचा_माणूस
बंद कप्प्यात नको. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणून त्या शटरला अगदी तळाशी जाळी हवीच, वर भोकं पाडून उपयोग नाही. रेग्युलेटर हात घालून पटकन बंद करता आला पाहिजे, आणि सिलिंडर ते शेगडीच्या सुरक्षा पाइपवरची (रबरी नळीवरची) तारीख बघा, पाच वर्षं झाली असतील तर या कामातच बदला. पुढे पाइपगॅस आला तर तो हवेपेक्षा हलका असतो, वर जातो, त्यासाठी खिडकीच्या वरच्या भागात एक्झॉस्टची जागा आत्ताच सोडून ठेवा. नंतर ग्रॅनाइट किंवा टाइल्स कापत बसू नका.

डोंबिवलीची_सून
जाळी लिहून ठेवली. प्लंबर गुरुवारी येतोय, भिंत उघडली की टेप धरून फोटो इथे टाकते.