आयएस ६११० चा एकच पट्टा असलेले क्षयजंतू एकाच संसर्गसाखळीतले मानावेत का?

प्रश्न (संशोधक विद्यार्थिनी)

नमस्कार. मी सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करत आहे. क्षयरोग्यांच्या थुंकीतून वाढवलेले आणि पूर्वीच्या संशोधकांनी गोठवून ठेवलेले बरेच आयसोलेट्स (एकेका रुग्णापासून वेगळे केलेले जंतू) आमच्या विभागात आहेत. त्यांच्यासोबत आयएस ६११० या क्षयजंतूच्या डीएनएमधल्या जागा बदलणाऱ्या घटकाच्या सदर्न ब्लॉटच्या (डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करून त्यांतला हवा तो क्रम पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीच्या) जुन्या एक्स-रे फिल्मही जपून ठेवलेल्या आहेत. या फिल्म मी सध्या पुन्हा वाचत असून, त्यांतील काही गोष्टींचा अर्थ कसा लावावा हे मला ठरवता येत नाही.

काही लेनमध्ये (फिल्मवरच्या एकेका आयसोलेटच्या रकान्यात) दहा-बारा पट्टे स्वच्छ दिसतात आणि त्यांची एकमेकांशी तुलना करणे सोपे जाते. बऱ्याच लेनमध्ये मात्र एकच पट्टा आहे आणि तो शेजारच्या लेनमधल्या पट्ट्याच्या अगदी रेषेत येतो. थोड्या लेनमध्ये एकही पट्टा नाही, जरी त्याच फिल्मवर एमटी १४३२३ या संदर्भ-स्ट्रेनचे (तुलनेसाठीच्या ज्ञात वाणाचे) सगळे पट्टे नीट उमटले आहेत. जुन्या वहीत एकपट्टी आयसोलेट्सना एकच क्लस्टर (एकाच संसर्गसाखळीतला गट) मानून ‘अलीकडचा संसर्ग’ असा शेरा मारलेला आहे. हे रुग्ण वेगवेगळ्या तालुक्यांतले आहेत आणि त्यांचा आपसात संबंध आल्याची नोंद नाही, म्हणून मला तो शेरा जसाच्या तसा पुढे न्यायचा नाही.

पट्टाच नसलेला जंतू क्षयाचा असू शकतो का? एकच पट्टा सारखा असणे हा पुरावा किती वजनाचा धरावा? आणि आता संपूर्ण जीनोम वाचता येत असताना या पद्धतीवर वेळ घालवावा का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक, रेणवीय साथरोगशास्त्र)

आपली शंका रास्त आहे. वहीतला तो शेरा पुढे न नेण्याचा आपला निर्णयही योग्य आहे. त्यामागचे कारण पद्धतीच्या मुळाशीच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आयएस ६११० हा सुमारे १,३५५ बेसजोड्यांचा, आयएस ३ कुलातला चल घटक आहे. त्याच्या दोन्ही टोकांना २८ बेसजोड्यांचे, एकमेकांशी जवळजवळ जुळणारे उलटे क्रम असतात. स्वतःला हलवण्यासाठी लागणाऱ्या ट्रान्सपोझेज एन्झाइमचे जनुक तो स्वतःच वाहून नेतो आणि नव्या जागी शिरताना तिथल्या तीन बेसजोड्या दुपटतात. क्षयजंतूंच्या समूहापुरता तो मर्यादित असल्यामुळे निदानात त्याला महत्त्व आले, तर त्याच्या प्रतींची संख्या आणि जागा स्ट्रेनगणिक बदलत असल्यामुळे स्ट्रेन ओळखण्यात. १९९८ मध्ये जीनोम प्रसिद्ध झालेल्या एच३७आरव्ही या प्रयोगशाळेतल्या स्ट्रेनमध्ये त्याच्या १६ प्रती आहेत. बीजिंग घराण्यातल्या स्ट्रेन्समध्ये त्या वीसच्या पुढेही जातात.

१९९३ मध्ये ठरलेल्या प्रमाणित पद्धतीत डीएनए पीव्हीयू-२ या एन्झाइमने तोडतात. हे एन्झाइम आयएस ६११० ला आतून एकाच ठिकाणी कापते आणि प्रोब (आयएस ६११० शोधणारा खुणेचा डीएनए तुकडा) फक्त त्या कापाच्या उजवीकडच्या भागाला चिकटतो. त्यामुळे प्रत्येक प्रतीमागे एकच पट्टा उमटतो, आणि तो कोणत्या उंचीवर येईल हे शेजारच्या जीनोममध्ये पीव्हीयू-२ चा पुढचा काप किती दूर आहे यावर ठरते. म्हणजे पट्ट्यांची संख्या ही प्रतींची संख्या आणि पट्ट्याची उंची हा त्या प्रतीचा पत्ता. दहा पत्ते जुळले तर तो योगायोग मानणे कठीण असते. एकच पत्ता जुळला तर तो पत्ता किती जणांचा असू शकतो, हे आधी पाहावे लागते.

आपल्याकडे अडचण नेमकी इथेच येते. एकच प्रत असलेल्या स्ट्रेन्समध्ये ती प्रत बहुधा डीआर विभागात असते. ३६ बेसजोड्यांचे एकसारखे तुकडे आणि त्यांच्यामध्ये वेगवेगळे स्पेसर अशी त्या विभागाची रचना असून, तिथे शिरण्याची आयएस ६११० ची प्रवृत्ती फार जुनी आहे. गोवंशातल्या क्षयजंतूच्या बहुतेक स्ट्रेन्समध्येही असलेली एकमेव प्रत याच विभागात सापडते. तेव्हा दोन एकपट्टी आयसोलेट्सचा पट्टा एकाच उंचीवर येणे म्हणजे त्यांचा दूरचा पूर्वज एक असणे, एवढाच अर्थ निघतो. गेल्या दोन वर्षांत एकाचा संसर्ग दुसऱ्याला झाला, हा अर्थ त्यातून काढता येत नाही. पाच किंवा त्याहून कमी पट्टे असतील तर दुसऱ्या पद्धतीची जोड दिल्याशिवाय क्लस्टर जाहीर करू नये, हा संकेत त्यातूनच आला.

दक्षिण भारतात हे प्रकर्षाने दिसते. १९९५ च्या सुमारास चेन्नईतून प्रसिद्ध झालेल्या कामात जवळपास चाळीस टक्के आयसोलेट्समध्ये एकच प्रत आढळली होती आणि केरळमधूनही याच धर्तीचे निष्कर्ष आले. दक्षिणेत टीबीडी-१ हा जीनोममधला भाग शाबूत असलेले जुने घराणे, म्हणजेच ईएआय (ईस्ट आफ्रिकन-इंडियन), प्रबळ आहे. उत्तरेकडे सीएएस (सेंट्रल एशियन) घराणे अधिक आढळते आणि त्यात प्रती जास्त असतात. मुंबईच्या आयसोलेट्सवरील अभ्यासांत ही दोन्ही घराणी, शिवाय बीजिंग आणि मनू, अशी सरमिसळ दिसते. म्हणून आपल्या एकाच फिल्मवर दोन्ही तऱ्हेच्या लेन असणे अगदी स्वाभाविक आहे.

आता त्या शेऱ्याने प्रत्यक्षात काय बिघडते ते पाहा. सॅन फ्रान्सिस्कोच्या १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या गाजलेल्या अभ्यासात ४७३ रुग्णांपैकी १९१ जण ४४ क्लस्टरमध्ये मोडले. प्रत्येक क्लस्टरमधला एक जण मूळ स्रोत धरून वजा केला की १४७ उरतात, म्हणजे सुमारे ३१ टक्के रुग्ण अलीकडच्या संसर्गाचे. हेच सूत्र आपल्याकडे डोळे मिटून लावले तर? समजा शंभर आयसोलेट्सपैकी चाळीस एकपट्टी आहेत आणि सगळ्यांचा पट्टा एकाच उंचीवर आहे. या चाळिसांतल्या एकानेही दुसऱ्याला पाहिलेले नसले तरी सूत्र ३९ टक्के अलीकडचा संसर्ग दाखवून मोकळे होईल. अशा आकड्यावर जिल्ह्याचा क्षयरोग कार्यक्रम आखला गेला, तर मनुष्यबळ जिथे लागायला हवे तिथे न लागता भलत्याच ठिकाणी खर्ची पडेल. मला ही गोष्ट फार गंभीर वाटते.

बदलाच्या वेगाचाही विचार करावा. नेदरलँड्समध्ये एकाच रुग्णाकडून वेळोवेळी मिळालेल्या आयसोलेट्सची तुलना करून पट्ट्यांच्या नमुन्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे नमुने बदलायला लागणारा काळ, ३.२ वर्षे काढले गेले. तो निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. साथीचा माग काढायला हा वेग सोयीचा आहे. नमुना साखळीत टिकण्याइतका स्थिर राहतो आणि वेगळ्या साखळ्या वेगळ्या दिसतील इतका बदलतो. पण प्रती जितक्या अधिक तितकी हालचालीची संधी अधिक, म्हणून हा आकडा एकपट्टी स्ट्रेन्सना लावता येत नाही.

पट्टा नसलेल्या लेनबद्दल: आयएस ६११० मुळीच नसलेले क्षयजंतू असतात आणि ते विशेषतः आशियातून नोंदले गेले आहेत, त्यामुळे आपले आयसोलेट्स तसे असू शकतात. मात्र संदर्भ-स्ट्रेनचे पट्टे उमटले यावरून मेम्ब्रेन (ज्या पडद्यावर डीएनए उतरवतात तो) आणि प्रोब ठीक होते एवढेच कळते, त्या विशिष्ट लेनमध्ये पुरेसा डीएनए होता की नाही हे कळत नाही. मेम्ब्रेन शिल्लक असेल तर जुना प्रोब धुऊन आयएस १०८१ चा प्रोब लावून पाहा. हा घटक क्षयजंतूंच्या समूहात साधारण पाच ते सात प्रतींत असतो आणि फारसा हलत नाही. टायपिंगला (स्ट्रेन वेगळे ओळखायला) तो त्याच कारणाने कुचकामी आहे, पण इथे नेमका तोच उपयोगी पडेल: त्याचे पट्टे आले तर डीएनए होता आणि जंतू क्षयाचाच होता. मेम्ब्रेन नसेल तर गोठवलेल्या कल्चरवर आयएस १०८१ चा पीसीआर करावा.

उत्तर २ (रेणवीय निदान प्रयोगशाळेत कार्यरत)

सरांच्या शेवटच्या मुद्द्याला निदानाच्या बाजूने दुजोरा देते. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मिळालेल्या एक्स्पर्ट अल्ट्रा चाचणीत आयएस ६११० आणि आयएस १०८१ हे दोन्ही घटक लक्ष्य म्हणून घेतले आहेत. एका जंतूत एकाच लक्ष्याच्या अनेक प्रती असल्याने अगदी थोडे जंतूही पकडले जातात, आणि आयएस ६११० नसलेला स्ट्रेन आला तरी दुसरा घटक त्याला निसटू देत नाही. भारतात विकसित झालेल्या ट्रूनॅटच्या एमटीबी प्लस चाचणीतही आयएस ६११० च्या जोडीला जंतूचे एक वेगळे जनुक घेतलेले आहे. जंतू आहे की नाही आणि तो कोणता स्ट्रेन आहे, हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि एकाच घटकाकडून दोन्हींची सारखीच उत्तरे मागू नयेत.

एकपट्टी आयसोलेट्ससाठी मी आधी स्पोलिगोटायपिंग (डीआर विभागातले कोणते स्पेसर आहेत ते पाहणारी चाचणी) आणि त्यानंतर २४ लोकसचे मीरू-व्हीएनटीआर (जीनोममधल्या २४ ठिकाणी पुनरावृत्त तुकडे किती ते मोजणारी चाचणी) सुचवेन. स्पोलिगोटायपिंगने घराणे लवकर कळते: ४३ स्पेसरपैकी पहिले ३४ गायब असून शेवटचे नऊ दिसत असतील तर बीजिंग, आणि २९ ते ३२ व ३४ हे नसतील तर बहुधा ईएआय. साखळी ठरवण्याचे काम मात्र मीरू-व्हीएनटीआरवरच सोपवावे, कारण स्पोलिगोची वेगळेपण दाखवण्याची ताकद एकटीने अपुरी पडते.

इथे एक सावधगिरी. डीआर विभागात शिरलेला आयएस ६११० कधीकधी पीसीआरच्या प्रायमरची जागाच तोडतो. अशा वेळी शेजारचा स्पेसर जीनोममध्ये असूनही मेम्ब्रेनवर त्याचा ठिपका उमटत नाही आणि तो गायब आहे असे वाटते. एका ठिपक्याच्या फरकावरून दोन आयसोलेट्स वेगळे ठरवण्यापूर्वी तो भाग सिक्वेन्स करून पाहावा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर आणि ताई, दोघांचेही मनापासून आभार. ३९ टक्क्यांचे उदाहरण वाचून मी वहीतली क्लस्टरची यादी पुन्हा काढली. त्यातला सर्वांत मोठा क्लस्टर पूर्णपणे एकपट्टी आयसोलेट्सचाच आहे. मेम्ब्रेन उपलब्ध नाहीत, त्यामुळे आयएस १०८१ चा पीसीआर आणि त्यापाठोपाठ मीरू-व्हीएनटीआर असा क्रम ठेवते. जीनोम सिक्वेन्सिंगविषयी कुणी लिहू शकेल का? थोड्या आयसोलेट्ससाठी निधी मिळण्याची शक्यता आहे.

उत्तर ३ (जैवमाहितीशास्त्र)

निधी मिळत असेल तर सिक्वेन्सिंग अवश्य करावे आणि ते एकपट्टी आयसोलेट्सवरच करावे. पाच किंवा त्याहून कमी एसएनपींचा (डीएनएमधल्या एकेका बेसच्या बदलांचा) फरक असेल तर अलीकडच्या संसर्गाची शक्यता धरतात आणि बारापेक्षा जास्त असेल तर ती सहसा नाकारतात. क्षयजंतूच्या जीनोममध्ये वर्षाला सरासरी अर्धा एसएनपी साठतो, त्यावरून या मर्यादांचा अर्थ ध्यानात येईल.

परंतु सिक्वेन्सिंग झाले म्हणजे आयएस ६११० चे चित्रही आपोआप हाती आले, असे समजू नये. शंभर-दीडशे बेसचे छोटे रीड (सिक्वेन्सरने वाचलेले तुकडे) १,३५५ बेसजोड्यांच्या घटकाच्या आत कुठेही पडले तरी ते कोणत्या प्रतीचे हे सांगता येत नाही. एसएनपी मोजणाऱ्या बहुतेक पाइपलाइन तर असे पुनरावृत्त भाग सुरुवातीलाच झाकून टाकतात. त्यासाठी सीमेवरचे रीड वेगळे काढावे लागतात, म्हणजे ज्यांचा अर्धा भाग आयएस ६११० च्या टोकाचा आणि उरलेला शेजारच्या जनुकाचा आहे असे. आयएसमॅपर हे सॉफ्टवेअर याच तत्त्वावर चालते. लांब रीडच्या सिक्वेन्सिंगमध्ये ही अडचण जवळजवळ राहत नाही.

हे कष्ट केवळ टायपिंगसाठी नाहीत. पीएनसीए या जनुकात आयएस ६११० शिरल्याने जनुक निकामी होऊन पायराझिनामाइडला प्रतिरोध आल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. अशा आयसोलेटमध्ये पीएनसीएचा पीसीआर केला तर जेलवर उत्पादन अपेक्षेपेक्षा सुमारे १,३५५ बेसजोड्यांनी मोठे दिसते. फक्त एसएनपींची यादी पाहणाऱ्याला मात्र हा प्रतिरोध दिसतच नाही. स्पेनमध्ये साथ पसरवणाऱ्या, अनेक औषधांना दाद न देणाऱ्या गोवंशीय क्षयजंतूच्या एका स्ट्रेनमध्ये फॉपी या नियामक जनुकाच्या सुरुवातीच्या आधी आयएस ६११० शिरून त्या जनुकाचे कार्य वाढल्याचे आढळले होते. त्यामुळे त्याच्या जागांची नोंद स्ट्रेनच्या वर्तनाच्या अभ्यासालाही लागते.

उत्तर ४ (पशुवैद्यक)

विषय क्षयजंतूंचा आहे, तरी जनावरांच्या बाजूची एक जोड देतो. मायकोबॅक्टेरियामध्ये सर्वांत आधी, १९८९ साली, सविस्तर वर्णन झालेला चल घटक म्हणजे गाई-म्हशी व शेळ्या-मेंढ्यांत जोन्स रोग निर्माण करणाऱ्या पॅराट्यूबरक्युलोसिसच्या जंतूतला आयएस ९००. एका जंतूत त्याच्या चौदा ते अठरा प्रती असल्याने शेणाच्या नमुन्यातून निदान करायला तो फार सोयीचा ठरला. पुढे वातावरणातल्या इतर मायकोबॅक्टेरियांत त्याच्याशी मिळतेजुळते क्रम सापडले आणि काही प्रायमर खोटे पॉझिटिव्ह देतात हे उघड झाले. म्हणून आम्ही आयएस ९०० वर पॉझिटिव्ह आलेला नमुना दुसऱ्या लक्ष्यावर पडताळल्याखेरीज कळपाचा अहवाल देत नाही.

टायपिंगसाठी आम्हाला आयएस १३११ जास्त उपयोगी पडतो. तिथे प्रतींची जागा न पाहता घटकाच्या आतला एका बेसचा फरक पाहतात, आणि त्यावरून गाईंकडचा व मेंढ्यांकडचा प्रकार वेगळा करता येतो. ‘इंडियन बायसन’ म्हणून ओळखला जाणारा प्रकारही याच घटकावरून वेगळा काढला गेला.

उत्तर १ यांची पुरवणी

क्रमाबद्दल एक सूचना. गोठवलेले कल्चर पुन्हा वाढवल्यावर मीरू-व्हीएनटीआरच्या एखाद्या लोकसला दोन शिखरे दिसली, तर तो आयसोलेट ताबडतोब बाद करू नका. एकाहून अधिक लोकसला दोन-दोन शिखरे असतील तर मिश्र संसर्ग किंवा प्रयोगशाळेतली भेसळ यांचा संशय घ्यावा. एकाच लोकसला असतील तर त्याच स्ट्रेनमध्ये रुग्णाच्या शरीरातच बदल होत असण्याची शक्यता अधिक. जुनी एक्स-रे फिल्म इथे उपयोगी पडेल: ज्या लेनमध्ये ठळक पट्ट्यांच्या मधे फिकट पट्टे आहेत, ते आयसोलेट्स आधी वेगळे काढून ठेवा आणि त्यांचे एकेका वसाहतीपासून स्वतंत्र कल्चर करूनच पुढचे टायपिंग करा.