उघड्या टपाच्या जुन्या मर्सिडीजमध्ये एवढं आहे तरी काय?

गंगाखेडकर:
मामांच्या डोक्यात गाडी शिरलीय. मर्सिडीज २८० एसई ३.५, उघड्या टपाची, १९७१ ची. एकरभर विकायची तयारी आहे. म्हणतात, परभणीत वरातींना भाड्यानं दिली की वसूल. अहो, मे महिन्यात बेचाळीसच्या उन्हात टप उघडून नवरदेव भाजायचा का? कुणी जवळून पाहिलीय का ही?

जालना_कुशन:
पाहिलीय काय, टप शिवलाय तिचा. मुंबईत वीस वर्षं गॅरेजात कुशनकाम केलं. आता जालन्यात जीपचे हूड अन् ट्रॅक्टरच्या सीटा शिवतो.

जीपचं हूड एकपदरी. ऊन अडलं की झालं. या गाडीला वरून कॅनव्हास, मधी घोड्याच्या केसांची गादी, आतून अस्तर. उसवताना केस बाहेर आले तर पोऱ्या ओरडला, "उस्ताद, उंदीर मेलाय!" टप लावून काचा वर केल्या की बाहेरचा हॉर्न पलीकडच्या गल्लीतला वाटतो. लोकांना टप उघडल्याचं कौतुक, मला लावल्याचं.

अशा १२३२ च निघाल्या, १९६९ ते १९७१ मधी. आठ सिलिंडर, २०० हॉर्सपॉवर. इंजिनात पेट्रोल सोडायला कार्बोरेटर नाही, त्या काळात बॉश कंपनीचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन! ते रुसलं की आपले मिस्त्री हात जोडतात. छप्पर नाही म्हणून खालून पत्रा मजबूत केलेला असतो, तरी खड्ड्यात गेली की दार कुरकुरतं.

वरातीचं म्हणाल तर ऐका. त्या गाडीच्या मालकाच्या पुतण्याचं लग्न इकडंच होतं. पाठवणीला बायांनी उरलेल्या अक्षता गाडीवर उधळल्या. आपल्याकडं अक्षता ज्वारीच्या. मागच्या सीटमागं टप घडी करून ठेवायचा खण असतो, त्यातलं पाणी जायला बारीक नळ्या. ज्वारी तिथं जाऊन बसली. मृगात गाडी भिजली अन् माझ्याकडं आली तवा खणात बोटभर पाणी, ज्वारीला कोंब आलेले! कॅनव्हासची खालची कड कुजली होती. शिवायला अकरा दिवस लागले. मालक रोज येऊन स्टुलावर बसायचे, बोलायचे काही नाही.

उन्हाचं तुमचं खरंय. उघडी चालवायची तर थंडीत, सकाळी, खुलताबादहून म्हैसमाळच्या रस्त्यानं. दुपारी झाकून ठेवा.

लातूरचा_वकील:
भाड्याचं विसरा. पन्नास वर्षांवरची गाडी २०२१ च्या नियमानं 'व्हिंटेज' म्हणून नोंदवली (नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए' अक्षरं) की धंद्याला वापरता येत नाही. रोज रस्त्यावर फिरवायलाही बंदी. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच बाहेर काढायची.

गंगाखेडकर:
मामांना सगळं वाचून दाखवलं. वकीलसाहेबांचं ऐकून गप्प झाले. मला वाटलं, सुटलो. चहा पिऊन झाल्यावर विचारतात, "घोड्याचे केस कुठं मिळतात रे?"

जालना_कुशन:
मग काय, गेले मामा. सौदा करायच्या आधी मला न्या बघायला. इंजिन मिस्त्री बघेल, मी त्या खणात हात घालतो. बोटाला ओल लागली तर चहा पिऊन परत.