मदत हवी आहे: गुहागरजवळचं घर आणि गावातला को-होस्ट. कामं आणि पैसे कसे वाटावेत?

पोफळी:
नमस्कार मंडळी. वेळणेश्वरच्या बाजूला दोन खोल्यांचं जांभ्याचं कौलारू घर आहे. वाडीत माड, विहीर, एका खोलीत एसी, इन्व्हर्टर. मालक पुण्यात राहतात. घर एअरबीएनबीवर, म्हणजे पाहुण्यांना घर भाड्याने देण्याच्या वेबसाइटवर आहे, शिवाय ओळखीतून फोनवरही बुकिंग येतं. चार किलोमीटरवर राहणाऱ्या एका तरुणाला को-होस्ट, म्हणजे मालकाच्या वतीने घर आणि पाहुणे सांभाळणारा, करायचं ठरतंय, बोलणी २० टक्क्यांवर आली आहेत. ॲपमध्ये त्याला कितपत अधिकार द्यावेत? २० टक्के नेमके कशावर धरायचे? आणि पावसाळ्यात बुकिंग नसतं तेव्हा काय?

खाडीकाठ:
आधी एक गोष्ट: मालकाचा पासवर्ड त्याला देऊ नका. त्याचं स्वतःचं, ओळख पडताळलेलं खातं हवं आणि तिथूनच त्याला को-होस्ट म्हणून जोडायचं. अधिकारांच्या तीन पायऱ्या आहेत: पूर्ण अधिकार, कॅलेंडर आणि मेसेज, आणि फक्त कॅलेंडर. पूर्ण अधिकारात दर, फोटो, घराचे नियम सगळं बदलता येतं. सुरुवातीला मधली पायरी पुरे.

मेसेजची वाटणी आत्ताच करा. बुकिंग पक्कं होईपर्यंत मालक बोलणार, येण्याच्या आदल्या दिवसापासून को-होस्ट. नाहीतर 'दोन माणसं जास्त चालतील का' याला पुण्याहून 'नाही' आणि गावातून 'या की' असं उत्तर जातं. बुकिंगच्या विनंतीला उत्तर द्यायला २४ तासच असतात, हेही लक्षात असू द्या.

फोनवरच्या बुकिंगमुळे डबल बुकिंग होतं. दोन वेबसाइटची कॅलेंडरं जोडली तरी ती लगेच जुळत नाहीत, मधे काही तास जातात. म्हणून क्रम पक्का ठेवा: को-होस्टला फोन आला की त्याने मालकाला विचारायचं, मालकाने तारीख बंद करायची, आणि मगच पाहुण्याला होकार. गणपती आणि शिमग्याच्या तारखा वर्षभर आधीच बंद करा. तेव्हा सफाईवाल्या ताई, प्लंबर, को-होस्ट सगळे आपापल्या घरच्या गणपतीत किंवा पालखीबरोबर असतात. त्या दिवसांत पाहुणे घेणं दोन्ही बाजूंवर अन्याय आहे.

जांभा:
पैशाचं उदाहरणानेच कळेल. दोन रात्री, ४,००० प्रमाणे ८,००० भाडं आणि ८०० सफाई, एकूण ८,८००. साइटची कपात सोपेपणासाठी ३ टक्के धरू, म्हणजे २६४. अख्ख्या रकमेवर २० टक्के काढले तर १,७६० होतात. सफाईचे ८०० थेट ताईंना देऊन उरलेल्या ७,७३६ वर काढले तर १,५४७. फरक २१३ रुपयांचा, तोही एका बुकिंगमागे. दुसरी पद्धत रास्त वाटते, कारण ताईंच्या मजुरीत कुणाचा टक्का नको. बुकिंग रद्द झालं तर हाती आलेल्या रकमेवरच टक्का, हेही लिहून ठेवा.

पण खरी गोम पावसाळ्यात आहे. टक्का पाहुण्यांवर मिळतो आणि घर सांभाळायचं असतं पाहुणे नसताना. नुसत्या टक्क्यावर माणूस ठेवला तर जून ते सप्टेंबर दार कुणी उघडत नाही आणि ऑक्टोबरात घर कुबट वासाने भरलेलं सापडतं. म्हणून या चार महिन्यांत आठवड्याला एक फेरी, आणि फेरीमागे अर्ध्या दिवसाची मजुरी वेगळी.

फेरीत काय करायचं तेही सांगून ठेवा. उघडीप मिळाली की दोन तास खिडक्या उघड्या. गाद्या पलंगावरून उचलून भिंतीपासून हातभर अंतरावर उभ्या करायच्या. प्लायवर आडव्या राहिल्या तर खालून ओल धरतात आणि बुरशीचे काळे ठिपके पडतात, ते नंतर उन्हात टाकूनही जात नाहीत. विहिरीवरचा पंप दहा मिनिटं चालवायचा; महिनाभर बंद राहिला की आतली चक्री जाम होते आणि मोटर नुसती गुणगुणते. बॅटरीतलं पाणी बघायचं, पन्हळीतली पानं काढायची. दाराच्या चौकटीच्या बुडाशी मातीची बारीक रेघ दिसली तर ती वाळवी आहे, त्याच दिवशी कळवायचं. प्रत्येक फेरीचे तेच सहा फोटो, तारखेसकट.

खाडीकाठ:
जांभा यांच्या मुद्द्याला जोडून: पाहुणे गेल्यावर तासाभरात प्रत्येक खोलीचे फोटो आणि विजेच्या मीटरचं रीडिंग. एअरबीएनबीकडे नुकसानीची मागणी चेकआउटपासून १४ दिवसांत करावी लागते आणि फोटोंशिवाय ती टिकत नाही. चादरी प्रत्येक पलंगाला तीन जोड, पावसात पाच, कारण दोन-दोन दिवस वाळत नाहीत. सुट्ट्यांच्या आधी नारळ आणि सुक्या झावळ्या उतरवून घ्या. गाडी माडाखाली लावू न देणं हे को-होस्टचंच काम.

पोफळी:
खूप आभार. जेवणाचे पैसे कुणी घ्यायचे? आणि परदेशी पाहुण्यांची एक चौकशी आली आहे.

जांभा:
जेवण करणाऱ्या घरालाच पाहुण्यांनी थेट द्यावेत, मधे कुणी नको. शाकाहारी ताटाचा दर ठरलेला, मासे बाजारभावाने. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, तेव्हा सुरमई-पापलेटचा शब्द देऊ नका. खाडीची मासळी मिळते, ती सांगा.

परदेशी पाहुण्यांची माहिती, सगळे ज्याला सी-फॉर्म म्हणतात, ती ते आल्यापासून २४ तासांत सरकारकडे ऑनलाइन भरावीच लागते. त्यासाठीची नोंदणी मालकाच्या नावावर ठेवा. पासपोर्ट आणि व्हिसाचे स्पष्ट फोटो को-होस्टने दारातच घ्यायचे आणि रेंज असेल तिथून लगेच पाठवायचे. रात्री उशिरा आले तरी सकाळवर ढकलायचं नाही.

आणि कुलूप पितळी घ्या. खाऱ्या वाऱ्यात लोखंडी कुलूप गंजून अडकतं. आकड्यांचं इलेक्ट्रॉनिक लॉक बसवलंत तरी एक साधी किल्ली को-होस्टच्या घरी असूच द्या.