दुबईच्या फॅमिली व्हिसासाठी दाखले अटेस्ट करायचेत, सोलापुरातून सुरुवात कुठून करू?

प्रश्न
नवरा दुबईत नोकरीला, आता मी आणि ७ वर्षांचा मुलगा जाणार. लग्नाची नोंद सोलापूर महापालिकेत आहे. मुलाचा जन्म अक्कलकोट तालुक्यातला. दाखला ग्रामपंचायतीचा, हातानं लिहिलेला, फक्त मराठीत, आणि लॅमिनेट केलेला. एजंट म्हणतो अपॉस्टिल करून देतो. नोटरी करून चालेल का?

उत्तर १
ताई, दोन्ही नको. अपॉस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा एकच शिक्का, तो १९६१ च्या हेग करारातल्या देशांसाठी असतो, आणि यूएई (दुबई ज्या देशात आहे तो) त्या करारात नाही. नोटरीचा शिक्का राज्याच्या शिक्क्याची जागा घेत नाही. तुमचा क्रम असा: आधी मुंबईत मंत्रालयात राज्य शासनाचं प्रमाणीकरण, मग केंद्राच्या परराष्ट्र मंत्रालयाचं साधं अटेस्टेशन, त्यानंतर यूएईच्या वकिलातीचं, आणि शेवटी तिकडच्या परराष्ट्र खात्याचं. प्रत्येक जण फक्त आधीच्या सहीची खात्री करतो, म्हणून मधली पायरी गाळली की कागद परत येतो. परराष्ट्र मंत्रालय कागद थेट घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फतच द्यावा लागतो. साध्या अटेस्टेशनला परराष्ट्र मंत्रालयाची फी नाही (अपॉस्टिलला ५० रुपये आहे), एजन्सीचं शुल्क वेगळं. तेव्हा पावती मागाच.

उत्तर २
मुंबईच्या आधी दाखलेच दुरुस्त करा, हे फार महत्त्वाचं. लॅमिनेशन सोलू नका, कागदाचा थर निघून येतो. शिक्के मागच्या कोऱ्या बाजूला बसतात, म्हणून नवी प्रतच काढा. ग्रामपंचायतीकडून संगणकीकृत, मराठी-इंग्रजी दाखला मागा. बाळाच्या नावाचा रकाना कोरा असेल तर जन्म नोंदणी कायद्याच्या कलम १४ प्रमाणे नाव चढवता येतं. स्पेलिंगची चूक कलम १५ खाली दुरुस्त होते, मूळ नोंद न खोडता समासात लिहून.

आता पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडा. मल्लिकार्जुनमध्ये एक एल की दोन, व्यंकटेशची सुरुवात व्हीनं की डब्ल्यूनं. आपल्याकडे कन्नड-तेलुगू नावं जास्त, त्यामुळे घोळ इथंच होतो. शिक्का बसल्यावर चूक सापडली तर नवा दाखला काढून पहिल्यापासून सगळं!

प्रश्नकर्ती
पासपोर्टवर माझं सासरचं नाव आहे, लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं. अडेल का?

उत्तर ३
नाही ताई. लग्नाचा दाखला हाच तर त्या दोन नावांमधला दुवा. नवऱ्याचं नाव मात्र त्याच्या पासपोर्टसारखंच हवं, आणि मुलाच्या दाखल्यावर आईचं नाव तुमच्या पासपोर्टप्रमाणे.

आणखी एक. दाखल्यावर सही करणारा निबंधक (नोंदणी अधिकारी) नवा असेल तर त्याच्या सहीचा नमुना मुंबईच्या मंत्रालयात पोचलेला नसतो आणि कागद अडकून पडतो. महापालिकेत आणि ग्रामपंचायतीत दाखला घेतानाच हे विचारून घ्या. एजंटला द्यायचं ठरलं तर राज्याचा शिक्का मुंबईच्या मंत्रालयाचा की दिल्लीतल्या एसडीएमचा (उपविभागीय दंडाधिकाऱ्याचा), हे आधी लिहून घ्या. स्वतः जायचं तर रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरा, सकाळी सीएसएमटीला उतरून मंत्रालय जवळच. मूळ दाखले, झेरॉक्स, पासपोर्टची प्रत कडक फोल्डरमध्ये न्या. घडी पडू देऊ नका. अरबी भाषांतर इथं करू नका, ते तिकडच्या परवानाधारक अनुवादकाकडूनच लागतं, शेवटच्या शिक्क्यानंतर.