राज्याचे हवामान धोरण पुरेसे आहे का? गच्चीच्या ठरावावरून निघालेली चर्चा

सचिव :
सर्व सभासदांस नमस्कार. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत गच्चीवर २० किलोवॉटचा सौर प्रकल्प बसवण्याचा ठराव मांडला जाणार आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी दर किलोवॉटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे, म्हणजे आपल्याला ३ लाख ६० हजार रुपये मिळू शकतील. कालच्या बैठकीत असा मुद्दा निघाला की तापमानवाढ घडवणाऱ्या वायूंचे उत्सर्जन कमी करणे हे सरकारचे काम आहे आणि त्यासाठी धोरणेही आहेत, तेव्हा संस्थेने आपला निधी त्यात का घालावा. यावर मते इथेच सविस्तर लिहावीत, म्हणजे सभेत ठरावावर नीट बोलता येईल.

ब-७०४ :
हा मुद्दा मीच मांडला होता, म्हणून माझी बाजू स्पष्ट करतो. आपल्या देशाने २०३० पर्यंत वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी ५० टक्के क्षमता कोळसा, तेल, वायू सोडून इतर स्रोतांची करण्याचे वचन दिले होते आणि ते २०२५ च्या मध्यालाच, पाच वर्षे आधी, पूर्ण झाले. २००५ च्या तुलनेत सकल उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागचे उत्सर्जन २०३० पर्यंत ४५ टक्क्यांनी घटवायचे आहे, त्यापैकी ३६ टक्के घट २०२० पर्यंतच झाली असल्याचे सरकारने संयुक्त राष्ट्रांना कळवले आहे. राज्याकडे पाहिले तर २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात २०३० पर्यंत नव्या वाहनांपैकी ३० टक्के विजेवर चालणारी असावीत असे ठरले आहे, शेतीपंपांसाठी सौर कृषी वाहिनी योजना जोरात आहे आणि पर्यावरणासाठीचे माझी वसुंधरा अभियान २०२० पासून चालू आहे. एवढे सगळे होत असताना, सातव्या मजल्यावरच्या आमच्या छतातून दर पावसाळ्यात पाणी ठिबकते, त्याकडे आधी पाहावे असे मला मनापासून वाटते.

अ-३०२ :
काकांचे आकडे बरोबर आहेत, पण ते कशाचे आकडे आहेत हे पाहिल्याशिवाय धोरण पुरेसे आहे असे म्हणता येणार नाही. माझी सगळी नोकरी वीज पारेषणात गेली, त्यामुळे हा फरक मी फार जवळून पाहिला आहे. ५० टक्के हा आकडा क्षमतेचा आहे, म्हणजे किती मेगावॉटची यंत्रे उभी आहेत याचा. धूर किती निघतो ते मात्र प्रत्यक्षात किती युनिट कशातून तयार झाले यावर ठरते. एक मेगावॉटचा सौर प्रकल्प वर्षभरात जेवढे युनिट देतो, त्याच्या तिप्पट किंवा त्याहून अधिक युनिट तेवढ्याच क्षमतेचा कोळशाचा संच देतो, कारण तो रात्रीही चालतो. म्हणूनच क्षमता अर्धी-अर्धी झाली तरी देशातील ७० टक्क्यांच्या आसपास वीज अजून कोळशातूनच येते.

गेल्या मे महिन्यात मी आठवडाभर आपल्या सामाईक मीटरची दर तासाला नोंद घेतली. दुपारी दोन वाजता मीटर जवळजवळ स्वस्थ असतो. संध्याकाळी साडेसहाला लिफ्टच्या फेऱ्या वाढतात, जिन्यातले आणि आवारातले दिवे लागतात, आणि रात्री नऊला वरची टाकी भरण्यासाठी पंप सुरू होतो. म्हणजे सूर्य मावळल्यावरच आपला वापर भरात येतो. त्या वेळी विजेची गरज भागवायला मुख्यतः चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ यांसारखी कोळशावरची औष्णिक केंद्रे धावून येतात, ज्यांपैकी एकट्या चंद्रपूरची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. त्यात भर म्हणून भुसावळला ६६० मेगावॉटचा नवा संच उभा राहिला आहे आणि कोराडीला तेवढ्याच क्षमतेच्या आणखी दोन संचांचे नियोजन आहे. औष्णिक संच एकदा उभारला की पंचवीस-तीस वर्षे तरी चालवावा लागतो, तेव्हाच त्याचा खर्च वसूल होतो. ती मुदत २०५० च्या पलीकडे जाते.

२०५० हे साल मी मुद्दाम लिहिले. मुंबई महानगरपालिकेने मार्च २०२२ मध्ये वातावरण कृती आराखडा जाहीर केला, त्यात २०५० पर्यंत नक्त शून्य उत्सर्जनाचे (म्हणजे जेवढे वायू सोडले जातील तेवढेच शोषले जातील अशा स्थितीचे) आणि २०१९ च्या तुलनेत २०३० पर्यंत ३० टक्के कपातीचे उद्दिष्ट आहे. देशाचे नक्त शून्याचे वर्ष २०७० आहे, म्हणजे शहराने स्वतःला वीस वर्षे आधीच्या मुदतीत बांधून घेतले. आराखडा मी वाचला आहे आणि तो तळमळीने केलेला आहे. त्यानुसार २०१९ मध्ये मुंबईचे उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन होते आणि त्यातला सत्तर टक्क्यांहून अधिक वाटा आपल्यासारख्या इमारतींत व उद्योगांत वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेचा होता. पण शहराने वीज कोणाकडून घ्यावी हे महापालिका ठरवत नाही. वीज खरेदीचे करार वितरण कंपन्या करतात, त्यांना मंजुरी वीज नियामक आयोग देतो आणि नव्या औष्णिक संचांचा निर्णय राज्य सरकार घेते. ज्याने वचन दिले त्याच्या हातात त्यातला सर्वांत मोठा वाटाच नाही, आणि ज्याच्या हातात तो आहे त्याने वर्षागणिक किती टन कमी करणार हे कायद्याने कबूल केलेले नाही. माझी हरकत आहे ती एवढीच, पण ती मला फार गंभीर वाटते.

रुपयामागच्या उत्सर्जनाचेही तसेच आहे. उत्पन्न दुप्पट झाले आणि प्रत्येक रुपयामागचे उत्सर्जन ४५ टक्क्यांनी घटले, तरी एकूण उत्सर्जन १० टक्क्यांनी वाढलेलेच असते. विकसनशील देशाने असे उद्दिष्ट घेण्यात काही चूक नाही, मात्र ते गाठले म्हणजे उत्सर्जन कमी झाले असे कोणी समजू नये.

क-१०१ :
३०२ मधील काकांच्या लिखाणात एक गोष्ट जोडते. माझे माहेर विदर्भातल्या एका औष्णिक केंद्राजवळचे आहे. लहानपणी दोरीवर वाळत घातलेले पांढरे कपडे आई उतरवताना आधी दोनदा झटकायची, कारण त्यांवर राखेचा बारीक थर बसलेला असे, आणि तुळशीची पाने धुतल्याशिवाय तोंडात घालायची नाहीत असा घरातला नियम होता. आपण रात्री नऊला पंप लावतो तेव्हा त्याची थोडी राख कोणाच्या तरी अंगणात पडते, हे इथे बसून लक्षात येत नाही.

मात्र माझा एक प्रश्न आहे. भारतातले दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. मग ज्या देशांनी शंभर-दीडशे वर्षे कोळसा जाळला त्यांच्याआधी आपल्या राज्याने स्वतःला कायद्याने का बांधून घ्यावे?

अ-३०२ :
ताई, न्यायाचा प्रश्न खरा आहे आणि आंतरराष्ट्रीय परिषदांत तो आपल्या देशाने सोडता कामा नये. पण कायद्याने बांधून घेणे म्हणजे इतरांइतकी कपात करणे असे नव्हे. आपल्या वाट्याला जो आकडा योग्य असेल तो ठरवावा आणि त्याचा दरवर्षी जाहीर हिशेब द्यावा, एवढेच त्यात अपेक्षित आहे. ब्रिटनने २००८ च्या कायद्याने पाच-पाच वर्षांच्या उत्सर्जनाची कमाल मर्यादा ठरवून घेण्याची पद्धत सुरू केली. कॅलिफोर्निया हे तर आपल्यासारखे एक घटक राज्य आहे. २०२० पर्यंत उत्सर्जन १९९० च्या पातळीवर आणण्याचा कायदा तिथे २००६ मध्ये झाला आणि ते उद्दिष्ट २०१६ मध्येच गाठले गेले. राज्याच्या पातळीवर हे जमते, याचा तो दाखला आहे.

आपल्याकडे प्रत्येक खात्याचे स्वतंत्र धोरण आहे आणि त्यांतली काही खरोखर चांगली आहेत. सौर कृषी वाहिनीच्या दुसऱ्या टप्प्यात १६ हजार मेगावॉटचे लक्ष्य ठेवले आहे, आणि शेतीपंप रात्रीऐवजी दिवसा चालणे हा मी नोकरीत असताना पाहिलेल्या कोणत्याही योजनेपेक्षा मोठा बदल आहे. शेतकऱ्याला अंधारात बांधावर जावे लागत नाही, ही गोष्ट तर वेगळीच. पण संध्याकाळच्या विजेचे काय? दुपारची सौर वीज साठवून संध्याकाळी द्यायची, तर पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडणारे उदंचन प्रकल्प किंवा मोठ्या बॅटऱ्या लागतात. राज्याने २०२३ मध्ये उदंचन प्रकल्पांसाठी धोरण आणले, पुष्कळ करारही झाले, पण करारावर सही होणे आणि डोंगरावर तलाव बांधून होणे यांत बरीच वर्षे जातात. घाटघरचा असा प्रकल्प आपल्याकडे बऱ्याच वर्षांपासून आहे, पण तो २५० मेगावॉटचाच.

आणि वीज साठली तरी ती शहरात आणणार कशी? १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई काही तास अंधारात गेली, तेव्हा आपल्या लिफ्टमध्ये दोन आजी अडकल्या होत्या, ते अनेकांना आठवत असेल. शहरात वीज आणणाऱ्या वाहिन्या किती अपुऱ्या आहेत हे त्या दिवशी सर्वांना कळले. त्यानंतर २०२३ मध्ये खारघर ते विक्रोळी ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली, ही समाधानाची बाब आहे. बाहेरची हरित वीज आत आणायची तर अशा आणखी वाहिन्या हव्यात, आणि वाहिनीसाठी जागा व परवानग्या मिळवण्यात किती काळ जातो हे मी स्वतः अनुभवले आहे.

ब-७०४ :
क्षमता आणि युनिट यांतला फरक मला माहीत नव्हता, तो मान्य करतो. पण मग उलट प्रश्न असा येतो की अडचण एवढी मोठी असेल, तर आपल्या २० किलोवॉटने काय होणार? शिवाय शेजारच्या संस्थेला नेट मीटरसाठी (वीज कंपनीला दिलेली आणि तिच्याकडून घेतलेली वीज मोजणाऱ्या मीटरसाठी) सात महिने थांबावे लागले, हेही विचारात घ्यावे.

अ-३०२ :
हिशेब सांगतो. २० किलोवॉटमधून दिवसाला सरासरी ८० युनिट, म्हणजे पावसाळा धरून वर्षाला साधारण २९ हजार युनिट मिळतील. आपल्या ग्रिडमधील एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यामुळे वर्षाला २० टनांच्या आसपास बचत होईल. २ कोटी ३४ लाख टनांपुढे हे नगण्य आहे आणि धोरणाची उणीव आपण गच्चीवरून भरून काढू असा माझा दावा नाही. मात्र पंपाची वेळ रात्री नऊवरून दुपारी बारावर आणली, तर ती वीज थेट आपल्या पॅनेलमधून वापरली जाईल आणि संध्याकाळच्या कोळशाच्या विजेची गरज तेवढी कमी होईल. त्याला परवानगी लागत नाही आणि खर्चही नाही. सात महिन्यांच्या विलंबाबद्दल तर मला रागच येतो, कारण सरकार अनुदान देत असताना एका मीटरपायी प्रकल्प पडून राहावा, हीच धोरणातली ती फट आहे जी कोणत्याही आकडेवारीत दिसत नाही.

म्हणून सभेत दुसराही एक ठराव घ्यावा अशी माझी विनंती आहे. राज्याने दरवर्षी किती टन उत्सर्जन झाले आणि पुढच्या वर्षी किती होऊ द्यायचे याचा आकडा विधिमंडळात मांडावा, असे पत्र संस्थेच्या वतीने आपल्या आमदारांना आणि पर्यावरण व वातावरणीय बदल विभागाला पाठवावे. मसुदा मी करून देतो.

क-१०१ :
दुसऱ्या ठरावाला माझे अनुमोदन आहे. पत्राखाली सह्या घेण्यासाठी क विंगमध्ये मी घरोघरी जाईन.

ब-७०४ :
दुसऱ्या ठरावाला माझीही हरकत नाही. पहिल्याबाबत एकच अट आहे. पॅनेलचे सांगाडे एकदा गच्चीत बसले की त्यांच्याखाली वॉटरप्रूफिंग करता येत नाही, तेव्हा आधी गळतीचे काम पूर्ण करावे आणि मगच सांगाडे उभारावेत. दोन्ही कामांचा खर्च आणि त्यांचा क्रम ठरावातच लिहिला, तर माझे मत ठरावाच्या बाजूने राहील.

सचिव :
दोन्ही मुद्दे ठरावाच्या मसुद्यात घेतो आणि वॉटरप्रूफिंगची तीन दरपत्रके रविवारपर्यंत मागवतो. पंपाची वेळ उद्यापासून दुपारी बारा ते दोन केली आहे, तशी सूचना सुरक्षारक्षकांना दिली आहे. पहिल्या आठवड्यात वरच्या मजल्यांवर सकाळी पाणी कमी आले तर इथेच कळवावे.