घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये खालच्या मजल्यांवर कनेक्शन पाईप फुटतायत, काय करावं?

तिसरा_मजला_ठाणे: मंडळी सल्ला हवाय. २२ मजली टॉवर, आमचा फ्लॅट तिसऱ्यावर. गेल्या महिन्यात बेसिनखालचा कनेक्शन पाईप फुटला, आम्ही दोघं ऑफिसात, शेजारच्या काकूंना दाराखालून पाणी येताना दिसलं म्हणून वॉचमनने डक्टमधला व्हॉल्व्ह बंद केला, तोवर हॉलचं वुडन फ्लोअरिंग फुगून वर आलेलं. परवा चौथ्यावर जेट स्प्रेचा पाईप गेला. वरच्या मजल्यांना काहीच त्रास नाही. सेक्रेटरी म्हणतात तुम्ही स्वस्तातला माल लावता. गणपतीला गावी जायचंय आणि घर बंद ठेवायची भीती वाटतेय.

नेरुळवाला: पितळी नटचा चांगला पाईप घ्या, प्लास्टिक नट पान्याने जास्त आवळला की तडकतो. आणि बेसिनखाली अ‍ॅसिडची बाटली ठेवत असाल तर आधी ती हलवा, तिच्या वाफेने स्टीलची जाळी गंजते आणि आतली नळी फुगून फुटते. आमच्या सिडकोच्या जुन्या बिल्डिंगचं दुखणं वेगळं, तिथे जीआय म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी पाईप आतून गंजलेत.

डक्टमधला_माणूस: फक्त खालच्यांचेच पाईप फुटतायत म्हणजे मालाच्या आधी प्रेशर बघा. साधा हिशोब आहे, १० मीटर उंचीला साधारण १ किलो प्रेशर (दर चौरस सेंटीमीटरला). टाकी गच्चीवर, तुम्ही तिसऱ्यावर, म्हणजे मधे ५५-६० मीटर, साडेपाच ते सहा किलो. घरात दोन-तीन किलो भरपूर झाले. म्हणून डक्टमध्ये ठरावीक मजल्यांवर पीआरव्ही म्हणजे प्रेशर कमी करणारे व्हॉल्व्ह बसवलेले असतात, ते प्रेशर तोडतात. पण त्याची जाळी कुणी साफ करत नाही, सीटमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकून बंद होतो तिथे, कचरा अडकला की तो नीट बंद होत नाही. दिवसा नळ चालू असतात तेव्हा कळतच नाही, रात्री सगळे झोपले की प्रेशरचा काटा हळूहळू चढतो आणि सगळा ताण त्या बारक्या पाईपवर येतो. नळाला प्रेशर गेज लावा, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, एक रीडिंग संध्याकाळी घ्या आणि एक रात्री दोन-तीनला.

माजी_खजिनदार: मॉडेल बायलॉजप्रमाणे कॉमन लाईनची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने, फ्लॅटच्या आतली मेंबरच्या. डक्टमधला पीआरव्ही कॉमनच. रीडिंगचे फोटो जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, लिफ्टमध्ये बोललेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

तिसरा_मजला_ठाणे: गेज लावला. संध्याकाळी अडीच किलो, रात्री पाच किलोच्या वर!! दोन्ही फोटो ग्रुपवर टाकले तर सेक्रेटरी एकदम गप्प. काल पीआरव्ही उघडला, जाळीत रेती आणि टेफ्लॉन टेपचे तुकडे. आता फ्लॅटमध्ये वेगळा छोटा पीआरव्ही लावू का?

डक्टमधला_माणूस: आधी डक्टवाला नीट होऊ द्या, सीट खराब असेल तर किट बदलायला सांगा, नाहीतर नुसतं धुऊन पुन्हा बसवतील. त्याच्यापुढे गेज कायमचा लावून घ्या म्हणजे वॉचमनलाही काटा दिसेल. नंतर घरात एक लावलात तर हरकत नाही. गावी जाताना मात्र मेन व्हॉल्व्ह बंदच, जुना गेट व्हॉल्व्ह जाम असेल तर आत्ताच बॉल व्हॉल्व्ह टाका, निघायच्या दिवशी प्लंबर मिळणार नाही. जेट स्प्रेचा अँगल कॉक एरवीही वापरून झाला की बंद करायचा, नाहीतर तो पाईप चोवीस तास प्रेशर खात बसतो. आणि गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह टपकतो म्हणून बूच मारून ठेवणारे महाभाग बघितलेत, ते चुकूनही करू नका.

नेरुळवाला: गरम पाण्याची लाईन बदलायची झाली तर सीपीव्हीसीच घ्या, साधा यूपीव्हीसी गरम पाण्यात मऊ पडतो.

तिसरा_मजला_ठाणे: धन्यवाद मंडळी. फ्लोअरिंगचं काय, सोसायटी देईल का?

माजी_खजिनदार: जनरल बॉडीत विषय काढा, पण आशा धरून बसू नका, पाईप दुरुस्त करणं वेगळं आणि भरपाई वेगळी. घराचा विमा आहे का? १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना भारत गृह रक्षा पॉलिसी द्यावी लागते, त्यात पाण्याची टाकी किंवा पाईप फुटून झालेलं नुकसान धरलेलं आहे. होम लोनसोबत बँकेने काढलेली असेल तर फाईल बघा, कित्येकांना माहीतच नसतं.

तिसरा_मजला_ठाणे: लोनची फाईल बायकोकडे आहे, विचारतो.