शब्दचर्चा: 'रस्टिकेट' केलं म्हणजे नेमकं काय केलं?

भाषांतरी:
एका महाविद्यालयाच्या माहितीपुस्तकातले शिस्तीचे नियम मराठीत करते आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या रॅगिंगविरोधी विनियमांतली शिक्षांची यादी त्यात जशीच्या तशी घेतलीय. शिष्यवृत्ती रोखणं, निकाल राखून ठेवणं, वसतिगृहातून काढणं, इथपर्यंत गाडी अडली नाही. शेवटी मात्र लागोपाठ येतात प्रवेश रद्द, मग एक ते चार सत्रांसाठी रस्टिकेशन (तेवढा काळ संस्थेबाहेर काढणं), आणि त्यानंतर एक्स्पल्शन, ज्यात ठरावीक काळ दुसऱ्या कुठल्याच संस्थेत प्रवेश मिळत नाही. जुन्या मराठी प्रतीत या शेवटच्या दोन्हींना 'निष्कासन' छापलंय. एकाच यादीत एकाच नावाच्या दोन शिक्षा कशा ठेवायच्या? 'निलंबन' सस्पेन्शनला देऊन झालंय.

तळटीप:
हकालपट्टी. वर्तमानपत्रं वापरतात, सगळ्यांना कळतं.

नियमावली:
बातमीत ठीक, आदेशात नको. 'दोन सत्रांसाठी हकालपट्टी' मोठ्याने वाचून बघा. हकालपट्टीला मुदत चिकटत नाही. शिवाय हा आदेश अपिलात जाऊ शकतो: संस्थेने काढला असेल तर कुलगुरूंकडे, विद्यापीठाने काढला असेल तर कुलपतींकडे. तिथे पहिला प्रश्न येतो की शिक्षा किती काळाची आणि परतीचं दार उघडं आहे की बंद. शब्द निवडताना हे दोन निकष धरा, बाकी सौंदर्यदृष्टी नंतर.

आणि 'निलंबन देऊन झालंय' म्हणताय, तर तेही एकदा तपासा. महाराष्ट्राच्या १९९९च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्यात तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करायचं आणि तक्रार पोलीस ठाण्याकडे पाठवायची. हे निलंबन शिक्षा नव्हे. आयोगाच्या यादीतलं मात्र शिक्षाच आहे. एका पुस्तिकेत दोन्ही आले की पालक गोंधळतात आणि वकील खूश होतात. पहिल्याला 'चौकशीअधीन निलंबन' म्हणा, दुसऱ्याला 'वर्गात बसण्यास मनाई'.

तर्फदार:
एक्स्पल्शनला 'बडतर्फी' का नको? मूळ फारसी 'बर-तरफ', म्हणजे बाजूला सारलेला. गावांच्या नावांत येणारं 'तर्फे' याच घरातलं. सरकारी नोकरांच्या शिस्त व अपील नियमांत (१९७९) 'सेवेतून काढून टाकणे' आणि 'बडतर्फ करणे' या दोन वेगळ्या शिक्षा आहेत. काढून टाकलेल्याला पुढे सरकारी नोकरी मिळायला आडकाठी नसते, बडतर्फ झालेल्याला सहसा असते. एक्स्पल्शनमध्येही मेख हीच आहे की दुसरीकडेही दार बंद. १९९९च्या कायद्यात तर रॅगिंगबद्दल दोषी ठरलेल्याला संस्थेतून काढल्यावर पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही संस्थेत प्रवेश नाही, वर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. त्याला बडतर्फ नाही तर काय म्हणणार?

शुद्धमती:
विद्यार्थी नोकर नसतो. बडतर्फ पगारदाराला करतात. आणि फारसीच्या दारात जायची गरजच काय? 'बहिष्करण' हा सरळ, अर्थवाही शब्द आहे.

नियमावली:
कृपा करून नको. सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६चा कायदा असलेल्या राज्यात महाविद्यालयाने 'बहिष्करणाची शिक्षा' छापायची? नोटीस फलकावर लागायच्या आत मोर्चा येईल.

तर्फदार:
फारसी वगळायची तर 'हजेरी' आणि 'दाखला'ही वगळा, ते अरबीतून फारसीमार्गे आलेत. मग महाविद्यालयाच्या कार्यालयात उरतं काय? खिडकी तेवढी उरेल :)

नदीकाठ:
रस्टिकेटचं मूळ लॅटिन 'रुस', म्हणजे खेडं, रान. ऑक्सफर्ड-केंब्रिजला पोराला काही काळ शहराबाहेर, गावाकडे धाडायचे, ते रस्टिकेशन. कायमचं घालवलं तर 'सेंट डाउन'. तिथेही दोन शब्द वेगळेच होते. मराठीत याला बेतून शिवल्यासारखा शब्द आहे: तडीपार! तड म्हणजे काठ, 'तडीस नेणे'मधला. पोलीस अधिनियमाच्या कलम ५५ ते ५७ खालची तडीपारी दोन वर्षांपेक्षा जास्त नसते, आणि चार सत्रं म्हणजेही दोनच वर्षं. जुळलं की नाही?

शुद्धमती:
विनोद म्हणून ठीक. गुंडांचा शब्द विद्यार्थ्यांना लावू नये. आदेशांतला अधिकृत शब्द 'हद्दपार' आहे, तडीपार बोलीतला.

नदीकाठ:
बोलीतला म्हणूनच सुचवला. 'हद्द' अरबी आहे, तो चालतो वाटतं?

भरारी:
मूळ यादी रॅगिंगची आहे, पण लोक 'रस्टिकेट केलं' म्हणतात ते बहुतेक वेळा कॉपीच्या केसबद्दल. तिथे कुणाला रस्टिकेट करतच नाहीत, विद्यार्थी महाविद्यालयात राहतो. मुंबई विद्यापीठाचा अध्यादेश ५०५० बघा, शिक्षा परीक्षांच्या हिशोबात आहेत. चिठ्ठी नुसती जवळ सापडली तर त्या परीक्षेतली संपादणूक रद्द. प्रत्यक्ष उतरवलं तर वर आणखी एक परीक्षा बंद. सामूहिक कॉपी किंवा उत्तरपत्रिका बाहेर पळवणं, आणखी दोन. उत्तरपत्रिकेत नोटा ठेवणं, आणखी चार. तोतया बसवला तर आणखी पाच, आणि तोतया स्वतः विद्यार्थी असेल तर त्यालाही तेवढ्याच. निर्णय पाच जणांपर्यंतची समिती घेते, तोवर निकाल राखून.

याला 'परीक्षाबंदी' म्हणावं. 'अपात्र' म्हणू नये. अपात्र म्हणजे फॉर्म भरायला लागणारी अट पुरी न होणं. हजेरी कमी म्हणून टर्म ग्रँट झाली नाही, म्हणजे सत्र पूर्ण धरलं गेलं नाही, तो अपात्र. त्याने गुन्हा केलेला नसतो.

तळटीप:
'संपादणूक' हा शब्द परीक्षा विभागाबाहेर कुणी ऐकलाय का? 'निकाल रद्द' म्हणा ना सरळ.

भरारी:
निकाल लागलेलाच नसतो, रद्द काय करणार? संपादणूक म्हणजे त्या परीक्षेत केलेलं सगळं काम. कॉपी एका पेपरला, पण 'पूर्ण संपादणूक रद्द'मध्ये आधीचे चार पेपर आणि वार्षिक प्रात्यक्षिकही जातं. टर्मवर्क, प्रकल्प, तोंडी परीक्षा मात्र जात नाही, गैरप्रकार तिथेच झाला असेल तर गोष्ट वेगळी. 'निकाल' शब्दात ही कापणी करता येत नाही.

खरी बोंब शब्दाआधीच होते. पकडल्यावर उत्तरपत्रिका जप्त करायची, नवी देऊन पेपर पुढे लिहू द्यायचा, विद्यार्थ्याकडून लेखी घ्यायचं, नकार दिला तर नकाराची नोंद करायची. जप्तीची वेळ लिहायची. चिठ्ठीवर विद्यार्थ्याची सही नाही, वेळ नाही, आणि पर्यवेक्षकाच्या अहवालात नुसतं 'कॉपी करताना आढळला'. मग सुनावणीत तो म्हणतो, चिठ्ठी बाकाखाली आधीपासून पडली होती. समिती काय करणार?

नियमावली:
'आढळला' हे क्रियापद अहवालातून हद्दपारच करायला हवं. किंवा तडीपार, नदीकाठ यांच्या समाधानासाठी. काय, कुठे, कोणत्या हातात, कोणत्या प्रश्नाशी जुळणारं, हे लिहिलं नाही तर 'जवळ बाळगणे' आणि 'उतरवणे' यांतला फरकच उरत नाही, आणि शिक्षेत एका परीक्षेचं अंतर आहे.

तर्फदार:
'आणखी एक परीक्षा' की 'पुढील एक परीक्षा'? छापील आदेशांत दोन्ही दिसतं.

भरारी:
'पुढील' कधीच लिहू नये. हिवाळी परीक्षेत पकडला, ती रद्द. आणखी एक म्हणजे उन्हाळीही गेली. बसता येणार थेट पुढच्या हिवाळीला. 'पुढील एक' लिहिलं की आदेश उन्हाळीनंतर हातात पडलेला मुलगा पुढची हिवाळी मोजतो आणि फुकट आणखी सहा महिने घरी बसतो. उलटही होतं, रद्द झालेलीच शिक्षेत मोजून उन्हाळीचा फॉर्म भरतो आणि हॉलतिकीट अडकतं. सत्राचं नाव आणि वर्ष घाला.

शुद्धमती:
'आणखी' बोलभाषेतलं झालं. 'अतिरिक्त' हवं.

नदीकाठ:
अतिरिक्त म्हटलं की पोराला वाटेल जास्तीची परीक्षा द्यायचीय!